ऑनलाइन ड्रॉइंग कोर्समध्ये थ्रीडी मॉडेल बसवताना : आमचा अनुभव

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षासाठी इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा ऑनलाइन कोर्स करायला घेतला, तेव्हा थ्रीडी मॉडेल कुठे लागेल आणि कुठे नाही हे आम्ही आधीच ठरवून टाकले. रेषांचे प्रकार, अक्षरलेखन, डायमेन्शन देण्याच्या पद्धती यांना मॉडेलची गरज नसते, स्वच्छ आकृती पुरते. गाडी अडते ती ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शनला, म्हणजे वस्तू समोरून, वरून आणि बाजूने सरळ पाहून तिची सपाट चित्रे काढण्याला. पुस्तकात ठोकळ्याचे आयसोमेट्रिक, म्हणजे तिन्ही बाजू एकदम दाखवणारे तिरके चित्र असते, समोरची दिशा बाणाने दाखवलेली असते आणि मुलांनी फ्रंट, टॉप, साइड असे तीन व्ह्यू काढायचे असतात. वर्गात शिक्षक लाकडी ठोकळा हातात धरून फिरवून दाखवतात. ऑनलाइन कोर्समध्ये ती सोय नसते, म्हणून मॉडेल.

वेब पानावर जीएलबी फाइल (थ्रीडी मॉडेलची, जीएलटीएफ प्रकारातली फाइल) दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गूगलचा मॉडेल-व्ह्यूअर. दोन-चार ओळींत काम होते. फुलदाणी, हृदय, मूर्ती दाखवायची असेल तर आजही आम्ही तोच वापरू. ड्रॉइंगला मात्र तो चालत नाही, कारण त्याचा कॅमेरा पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचे लहान दाखवणारा आहे. हिशेबच पाहा. ठोकळा ६० मिमी खोल आहे आणि कॅमेरा त्याच्या पुढच्या पृष्ठापासून २०० मिमीवर आहे. मग मागची कड पुढच्या कडेच्या २०० भागिले २६० इतकी, म्हणजे ७७ टक्के दिसते. ठोकळ्यातून आरपार २० मिमीचे भोक असेल तर पुढचे वर्तुळ २० चे, मागचे जेमतेम १५ चे, आणि मध्ये भोकाची आतली भिंत. मुलगा फ्रंट व्ह्यूमध्ये एकात एक अशी दोन वर्तुळे काढतो, आणि त्याला चूक म्हणता येत नाही, कारण पडद्यावर त्याला तेच दिसले! फील्ड ऑफ व्ह्यू (कॅमेऱ्याला दिसणारा कोन) कमी करून कॅमेरा लांब नेला तर फरक घटतो, पण शून्य होत नाही. म्हणून थ्री-जेएस ही ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवणारी लायब्ररी घेऊन स्वतःचा छोटा व्ह्यूअर लिहिला आणि त्यात लांबचे-जवळचे एकाच मापात दाखवणारा ऑर्थोग्राफिक कॅमेरा ठेवला.

मॉडेल फ्रीकॅड या मापांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या पार्ट डिझाइन भागात करायचे. ब्लेंडर या दुसऱ्या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये थेट मॉडेलिंग करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ड्रॉइंगच्या ठोकळ्याची मापे नंतर बदलतात, आणि फ्रीकॅडमध्ये स्केचमधला ४० चा आकडा ४५ केला की बाकीचे आपोआप जुळते. शिवाय त्याच फाइलमधून टेकड्रॉ वर्कबेंच (फ्रीकॅडचा ड्रॉइंग काढणारा भाग) तिन्ही व्ह्यू काढून देतो. फर्स्ट अँगल निवडायचा आणि एसव्हीजी (रेषांच्या चित्राची फाइल) काढून घ्यायची, उत्तरपत्रिका तयार. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) एसपी ४६ : २००३ प्रमाणे आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, म्हणजे टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली आणि डावीकडून पाहिलेला साइड व्ह्यू उजवीकडे. अमेरिकन साहित्यात थर्ड अँगल, म्हणजे टॉप व्ह्यू फ्रंटच्या वर, असतो, त्यामुळे तिकडच्या तयार आकृत्या कोर्समध्ये घालताना दोनदा तपासाव्यात.

फ्रीकॅडमधून मेश (त्रिकोणांनी बनलेले पृष्ठ) काढताना पहिली ठेच लागते. तिथे दोन मर्यादा असतात : सरफेस डेव्हिएशन (मेश खऱ्या पृष्ठापासून किती हटू शकते) आणि अँग्युलर डेव्हिएशन (शेजारच्या दोन तुकड्यांमधला कोन). डिफॉल्ट ०.१ मिमी आणि ३० अंश ठेवले तर २० मिमी व्यासाच्या भोकाच्या साधारण बावीस-तेवीस बाजू होतात. झूम केल्यावर भोक बहुभुज दिसते, पण खरा त्रास पुढे कडा काढताना होतो. म्हणून अँग्युलर डेव्हिएशन ५ अंशांवर आणावे. वर्तुळाच्या ७२ बाजू होतात आणि असल्या साध्या ठोकळ्यांत तरीही त्रिकोण काही हजारांच्या पुढे जात नाहीत. पाच हजार त्रिकोणांचे, पोझिशन आणि नॉर्मल (पृष्ठाला काटकोनातली दिशा) एवढेच असलेले मॉडेल कोणतेही कॉम्प्रेशन न करता सुमारे साडेतीनशे केबी होते. ड्रॅको या फाइल आक्रसणाऱ्या कॉम्प्रेशनच्या नादी लागू नये. त्याचा डिकोडर वेगळा उतरवावा लागतो, आणि एवढ्याशा फाइलला ते महागात पडते.

मेश ब्लेंडरमध्ये आणून जीएलबी करायची. एसटीएल किंवा ओबीजे या मेशच्या फाइलला एकक नसते, त्यामुळे ६० मिमीचा ठोकळा तिथे ६० मीटरचा होऊन येतो. स्केल ०.००१ करून अप्लाय करावे, कारण जीएलटीएफमध्ये लांबी मीटरमध्येच धरलेली आहे. एवढे नीट केल्यावर व्ह्यूअरमध्ये पडदा कोरा दिसण्याची दाट शक्यता असते. थ्री-जेएसच्या कॅमेऱ्याचे नियर (ज्याहून जवळचे काही दिसत नाही ती मर्यादा) ०.१ असते, म्हणजे दहा सेंटिमीटर. छोट्या ठोकळ्याला साजेल इतका कॅमेरा जवळ ठेवला की अख्खे मॉडेल नियरच्या अलीकडे पडते आणि गायब होते. फाइल बिघडली समजून लोक पुन्हा पुन्हा एक्सपोर्ट करत बसतात. मॉडेलचा बाउंडिंग बॉक्स (त्याला वेढणारी चौकट) मोजून नियर, फार (लांबची मर्यादा) आणि कॅमेऱ्याचे अंतर त्यावरून ठरवावे.

आता कडा. नुसता शेडिंग केलेला ठोकळा राखाडी मातीच्या गोळ्यासारखा दिसतो आणि ड्रॉइंग तर सगळे कडांचेच असते. थ्री-जेएसमध्ये एजेस-जॉमेट्री आहे : शेजारच्या दोन त्रिकोणांच्या नॉर्मलमधला कोन दिलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल तर तिथे रेषा. ही मर्यादा डिफॉल्टला १ अंश असते, त्यामुळे भोकाच्या भिंतीवर ७२ उभ्या रेषा उमटतात. ती १५ केली की जातात. मात्र मेश २३ बाजूंची असेल तर दोन बाजूंमधला कोन साडेपंधरा अंशांच्या वर जातो आणि १५ ची मर्यादा ठेवूनही रेषा तशाच राहतात. मेशचा कोन आणि कडांचा कोन असे एकमेकांना बांधलेले आहेत. या १५ अंशांचा आणखी एक फायदा : गोल टोक सपाट बाजूला स्पर्शिकेने मिळते तिथे रेषा येत नाही. ड्रॉइंगच्या नियमानेही तिथे रेषा काढायची नसतेच.

रेषा आणि पृष्ठ एकाच खोलीवर असल्याने रेषा तुटक, लुकलुकती दिसते. पृष्ठाच्या मटेरियलला पॉलिगॉन ऑफसेट, फॅक्टर १ आणि युनिट १, दिला की पृष्ठ किंचित मागे सरकते. साध्या रेषेची जाडी वेबजीएलमध्ये (ब्राउझरच्या थ्रीडी यंत्रणेत) बहुतेक ठिकाणी एक पिक्सेलच राहते आणि चांगल्या फोनवर ती केसाएवढी दिसते. त्यासाठी थ्री-जेएसच्या जाड रेषांचा वेगळा वर्ग, लाइन-सेगमेंट्स-टू, वापरावा.

हिडन लाइनसाठी, म्हणजे पृष्ठामागे लपलेल्या कडांच्या तुटक रेषांसाठी, त्याच कडा दोनदा काढायच्या. एकदा सलग, नेहमीच्या डेप्थ टेस्टने (पुढचे मागच्याला झाकते). दुसऱ्यांदा डॅश्ड, पण डेप्थ टेस्ट उलटी करून, म्हणजे पृष्ठाच्या मागे असेल तेवढेच काढ असे सांगून. दोन्हींना डेप्थ राइट (खोलीची नोंद करणे) बंद. इथे हमखास अडकायला होते, कारण डॅश्ड मटेरियलच्या डॅशची लांबी डिफॉल्टला ३ एकके असते. आपले एकक मीटर, म्हणजे तीन मीटरचा डॅश, आणि साठ मिलिमीटरची कड साहजिकच सलग दिसते. डॅश ०.००३ आणि गॅप ०.००१ करावी. रेषांची अंतरे मोजणारे फंक्शन आधी चालवले नसेल तर आकडे बदलूनही डॅश येत नाहीत.

एवढे झाल्यावर व्ह्यूअर पूर्ण झाल्यासारखा वाटतो. मग भोक असलेला ठोकळा समोरून पाहा. उभे भोक फ्रंट व्ह्यूमध्ये दोन उभ्या डॅश्ड रेषांनी दाखवतात. पडद्यावर त्या रेषा नसतात. कारण त्या कडा नाहीतच. गोल भिंत जिथे नजरेआड वळते ती ही जागा आहे आणि ती पाहण्याच्या दिशेप्रमाणे बदलते. एजेस-जॉमेट्रीला फक्त भोकाची वरची आणि खालची वर्तुळे ठाऊक असतात. वर्तुळाच्या चार टोकांवर कायमच्या चार रेषा ओढून ठेवणे हा उपाय लगेच सुचतो, पण तो घातक आहे. समोरून पाहताना पुढची आणि मागची रेषा बरोबर मध्ये एकावर एक पडते आणि सेंटर लाइनच्या (अक्षरेषेच्या) जागी खोटी हिडन लाइन तयार होते.

आम्ही केले ते असे. प्रत्येक मॉडेलबरोबर एक छोटी जेसन फाइल (साध्या मजकुरात माहिती ठेवणारी), त्यात प्रत्येक दंडगोलाची नोंद : अक्षाची दोन टोके, त्रिज्या, आणि वर्तुळ अर्धेच असेल तर सुरुवातीचा व शेवटचा कोन. अक्षाची दिशा आणि पाहण्याची दिशा यांचा क्रॉस प्रॉडक्ट (दोन्हींना काटकोनात असलेली दिशा) घ्यायचा, त्याची लांबी एक करायची, आणि अक्षापासून त्या बाजूला त्रिज्येइतके दोन्हीकडे सरकून अक्षाला समांतर रेषा काढायच्या. कॅमेरा फिरला की पुन्हा मोजायचे. ऑर्थोग्राफिक कॅमेऱ्यात हे उत्तर अचूक येते. दंडगोलाच्या अक्षावरूनच पाहत असू तर क्रॉस प्रॉडक्ट शून्य होतो. तेव्हा रेषा नको. भोकाची मेश खऱ्या वर्तुळाच्या किंचित आत असते, त्यामुळे खऱ्या त्रिज्येवरची रेषा धातूत जाते आणि आपोआप डॅश्ड होते. बाहेरच्या दंडगोलाला उलट, ती किंचित बाहेर राहते आणि सलग दिसते. हे फुकटात मिळालेले काम आहे. सेंटर लाइनही त्याच जेसनमधून निघतात.

फ्रंट, टॉप, साइड अशी बटणे द्यायची आणि बटण दाबल्यावर कॅमेरा अर्ध्या-पाऊण सेकंदात सरकत जाऊन स्थिरावला पाहिजे. एकदम उडी मारली तर ठोकळा कोणत्या बाजूला वळला ते कळत नाही. फ्रीकॅडमध्ये आणि ब्लेंडरमध्ये झेड वर असतो, जीएलटीएफमध्ये वाय. एक्सपोर्ट करताना बदल आपोआप होतो. मग समोरचा कॅमेरा अधिक झेडवर, वरचा अधिक वायवर, डावीकडचा उणे एक्सवर. वरच्या कॅमेऱ्याची अप दिशा उणे झेड ठेवावी, म्हणजे ठोकळ्याची मागची बाजू पडद्यावर वर येते आणि शीटवरच्या टॉप व्ह्यूशी जुळते. आयसोमेट्रिक बटण दिले असेल तर एक सांगून ठेवावे : तिथे कडा खऱ्या लांबीच्या ०.८१६ पट दिसतात, म्हणजे ते आयसोमेट्रिक स्केलने काढलेले चित्र आहे. खऱ्या मापाच्या आयसोमेट्रिक ड्रॉइंगशी पट्टी लावून ताडायला जाऊ नये.

मूडल या ऑनलाइन कोर्स चालवण्याच्या प्रणालीत ठेवण्याचे काम तसे थोडक्यात होते. एडिटरमध्ये स्क्रिप्ट चिकटवली की जतन करताना ती बऱ्याचदा गाळली जाते. म्हणून एचटीएमएल, लायब्ररी, जीएलबी, जेसन सगळे एका झिपमध्ये, फाइल रिसोर्स म्हणून अपलोड, तिथेच अनझिप आणि इंडेक्स फाइलला मेन फाइल करणे. जीएलबीचा प्रकार सर्व्हरच्या फाइल टाइप्समध्ये अॅडमिनकडून घालून घ्यावा. घरच्या संगणकावर इंडेक्स फाइलवर डबल क्लिक करून तपासू नये; ब्राउझर थेट डिस्कवरून मॉड्यूल आणि मॉडेल उचलू देत नाही. पायथॉनचा छोटा सर्व्हर चालवून पाहावे.

एका पानावर अनेक मॉडेल आयफ्रेममध्ये (पानातल्या छोट्या पानांत) ठेवली तर वरची मॉडेल एकेक करून कोरी पडतात. ब्राउझर एका वेळी मोजकेच वेबजीएल कॉन्टेक्स्ट जिवंत ठेवतो, क्रोममध्ये संगणकावर १६ आणि अँड्रॉइडवर ८. त्यापुढे सर्वांत जुना बंद होतो. आम्ही एका पानाला एकच मॉडेल ठेवतो आणि तेही आधी स्थिर चित्र, बोट लावल्यावर मॉडेल. त्याने फोनवरची आणखी एक अडचण सुटते : कॅनव्हासने पूर्ण रुंदी व्यापली की वर-खाली सरकवायला गेलेले बोट ठोकळाच फिरवते आणि पान हलत नाही. दोन्ही बाजूंना बोटभर पट्टी मोकळी सोडावी. पॅन (चित्र आडवे-उभे सरकवणे) बंद करावे, नाहीतर ठोकळा पडद्याबाहेर जातो. आणि सतत रेंडर करत राहू नये. कॅमेरा हलला तरच चित्र पुन्हा काढावे, म्हणजे फोन तापत नाही.

मॉडेल केव्हा दाखवायचे यावर मात्र आम्ही हटवादी आहोत. सुरुवातीलाच फिरते मॉडेल हाती दिले तर मूल तीन बटणे दाबून तीन चित्रे उतरवून घेते, डोक्यात ठोकळा फिरवण्याचा व्यायाम होतच नाही. म्हणून प्रश्नात फक्त आयसोमेट्रिक चित्र. शीटवर व्ह्यू काढायचे, फोटो असाइनमेंटमध्ये टाकायचा, आणि तो सबमिट झाला की मूडलच्या रिस्ट्रिक्ट अॅक्सेसने मॉडेलचे पान उघडते. पहिल्या दोन ठोकळ्यांना ही अट नाही. तिथे बटणे दाबून खेळू द्यावे.

सेक्शनल व्ह्यूसाठी (वस्तू कापून आतले दाखवण्यासाठी) थ्री-जेएसमध्ये क्लिपिंग प्लेन आहे. तो लावला की ठोकळा आतून पोकळ कवचासारखा दिसतो, कारण मेश म्हणजे नुसते पृष्ठ. स्टेन्सिल वापरून कापलेली जागा भरता येते, पण आम्ही तो मार्ग सोडला आणि फ्रीकॅडमध्येच ठोकळा कापून अर्ध्या भागाची वेगळी जीएलबी काढतो. कापलेल्या पृष्ठाला ४५ अंशांच्या हॅचिंगचे (तिरक्या समांतर रेषांचे) वेगळे मटेरियल देतो. यात रिबकडे (आधार देणाऱ्या पातळ फळीकडे) लक्ष ठेवावे लागते. कटिंग प्लेन रिबच्या लांबीतून जात असेल तर नियमाप्रमाणे रिबला हॅचिंग करत नाहीत, पण फ्रीकॅडला हा नियम माहीत नसतो. तो रिबही कापतो आणि अंगाशी एकसंध पृष्ठ तयार होते. म्हणून रिब वेगळी बॉडी ठेवायची, ती न कापता बाकीचे कापायचे आणि मग दोन्ही एकत्र एक्सपोर्ट करायचे. शाफ्ट, बोल्ट आणि की (शाफ्टला चाक बांधणारी पट्टी) यांनाही हाच नियम आहे.