सिंक होतं, बॅकअप नव्हता

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीएच्या ऑफिसात कुणाला मान वर करायला सवड नसते. ३० तारखेला टॅक्स ऑडिटची मुदत संपते. सांगलीतल्या ज्या ऑफिसचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, तिथल्या ताईंचा सकाळी साडेआठला फोन आला. "दादा, टॅली उघडंना झालंय. फायलींची नावंच बदलल्यात सगळी."

टॅली म्हणजे त्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. माझ्या पोटात गोळा आला. "ताई, आधी राउटरची वायर काढा, बाकी कशाला हात लावू नका," एवढं सांगून गाडीला किक मारली.

रॅन्समवेअरच होतं, म्हणजे फायलींना कुलूप घालून सोडवायचे पैसे मागणारा व्हायरस. डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी आणि प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी अक्षरांचं शेपूट. लॉकडाऊनमध्ये घरून काम करता यावं म्हणून मुख्य मशीनचा रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीन चालवायची सोय) थेट इंटरनेटला उघडा ठेवला होता, तो कुणी बंदच केला नव्हता.

साहेब मात्र शांत होते. २०१९च्या महापुरात त्यांचं तळमजल्यावरचं ऑफिस पाण्यात गेलं, तेव्हापासून टॅलीचा फोल्डर वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असतो. "आपलं क्लाउडवर आहे ना सगळं?" मी माझ्या लॅपटॉपवर मोबाइलच्या नेटवरून लॉगिन केलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तिथेही तीच शेपटं.

त्यांना समजावताना मलाच जड जात होतं. सिंक म्हणजे मशीनवर जे होईल ते वरही होणार. पुरात ही सोय तारते, कारण पाणी फाइलमध्ये काही लिहीत नाही. रॅन्समवेअर लिहितं, आणि ते लिहिलेलं इमानेइतबारे वर चढतं.

वाचवलं ते जुन्या आवृत्त्यांनी. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अख्खं स्टोरेज ३० दिवसांपर्यंत मागे नेता येतं. आधी पासवर्ड बदलला, मग ते पान उघडलं. रोजच्या बदलांचा आलेख होता: महिनाभर बुटक्या पट्ट्या, आणि आजची एकदम ताडमाड. खालच्या यादीत पहिली बिघडलेली फाइल सापडली, रात्री २:१०ची. तिच्या आधीपर्यंत सगळं मागे नेलं. टॅलीला असंच करावं लागतं. एका कंपनीच्या फोल्डरात ढीगभर फायली एकमेकींवर अवलंबून असतात; एक सोमवारची, दुसरी मंगळवारची आणून भागत नाही.

रिस्टोअर चालू असताना सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ले हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला मेल केला (२०२२पासून सहा तासांत कळवायचा नियम आहे) आणि एक मशीन पुसून विंडोज नव्याने टाकलं. बाकी सगळं मागे ठेवून आधी फक्त टॅलीचा फोल्डर उतरवला. संध्याकाळी सहाला ताईंनी कंपनी उघडली. आदल्या दिवशीची शेवटची नोंद डिझेलच्या बिलाची होती. त्यांनी कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि ते बोट बराच वेळ उचललंच नाही.

सगळं मात्र परत आलं नाही. स्कॅन केलेले भाडेकरार, खरेदीखतं डी ड्राइव्हवर होती, आणि त्यांची प्रत एका एक्स्टर्नल हार्डडिस्कवर. डिस्कवर साहेबांच्या अक्षरात 'बॅकअप' असं लिहिलेलं. ती मशीनला कायम जोडलेलीच असायची. तिच्यावरही तीच शेपटं.

मी निघालो तेव्हा साहेब पहिल्या पक्षकाराला फोन लावत होते. "काका, तेवढी खरेदीखताची झेरॉक्स परत एकदा पाठवून द्याल का?"