सुनेला माहेरी का धाडलं?

श्रावण शुद्ध सप्तमी

दुपारी आईनं शिळासप्तमीची कहाणी वाचली. लहानपणापासून ऐकतोय, पण आज मधेच अडकलो आणि पुढचं नीट ऐकूच आलं नाही. राजानं गाव वसवलं, तळं बांधलं, पाणी काही लागेना. जलदेवता म्हणाल्या, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजानं हिशेब घातला, हजारो माणसं पाण्यावाचून तडफडून मरण्यापेक्षा हे बरं. मग त्याला प्रश्न पडला, सून कबूल कशी होईल? म्हणून तिला माहेरी धाडलं. इकडं पोराला न्हाऊमाखू घातलं, अंगावर दागिने घातले, पलंगावर निजवलं आणि पलंग तळ्यात ठेवला. तळं भरलं.

हिशेब चोख होता, तर सुनेच्या तोंडावर सांगायला राजा कचरला का? एक विरुद्ध हजार हे गणित कुणालाही जमतं. त्या एकाच्या आईपुढं ते मांडायची छाती होत नाही, तिथंच त्यातला अन्याय उघडा पडतो असं मला वाटतं.

आमच्या नळाला काळम्मावाडी धरणाचं पाणी येतं. थेट पाईपलाईनसाठी कोल्हापूरनं किती वर्षं आंदोलनं केली! २०२३च्या दिवाळीत पाणी आलं तेव्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता, मलाही. दूधगंगेवरच्या त्या धरणात गावं गेली आहेत. त्यातल्याच एका गावच्या मावशी आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांच्याकडं कागदांची एक पिशवी आहे. नोटीस, पावत्या, जमीन वाटपाचा आदेश, घड्या पडून पडून विरलेला. बोलताना त्या आदेशावरून अंगठा फिरवत राहतात. जमीन मिळाली ती कागदावर. सातबारा अजून दुसऱ्याच्याच नावावर. "आमास्नी इचारलं कुनी? नोटीस आली, भिताडाला चिकटवली, झालं."

धरण नको होतं असं मी म्हणणार नाही. त्याच पाण्यावर जगतोय. पण घोट घेणाऱ्यानं एवढं तरी मान्य करावं की आपला हिशेब अजून फिटलेला नाही. १९२१ साली मुळशीचे मावळे सेनापती बापटांबरोबर 'जान किंवा जमीन' म्हणत उभे राहिले, तरी तिथलं धरण झालंच. शंभर वर्षं उलटली, विचारायची रीत काही पडली नाही.

आणि पाळी आपल्यावर आली की? कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचं म्हटलं की शिरोळपासून कोल्हापूरपर्यंत सगळे पेटून उठतात. २०१९ आणि २०२१चा पूर ज्यांनी घरात पाहिला, ते उठणारच. पुराला अलमट्टी किती जबाबदार, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण तिकडच्या हजारो एकरांना पाणी मिळेल म्हणून तुम्ही थोडं सोसा, असं कुणी म्हणालं तर आपण ऐकून घेऊ का? आधी आम्हाला विचारा, असंच म्हणू. मावशीही तेवढंच म्हणत होत्या.

कहाणीत सून तळ्याकाठी येते, काकडीच्या पानावर दहीभात ठेवते, आमच्या वंशात कुणी पाण्यात बुडालं असेल ते परत मिळो म्हणते, आणि पोर परत मिळतं. आईनं पोथी मिटून नमस्कार केला तेव्हा मी तिला विचारलं, सून नंतर सासऱ्याला काय म्हणाली असेल? आई म्हणाली, कहाणीत ते नाही.