मागून येणारी खडखड

सुरुवातीला आवाज बारीक होता. गतिरोधकावरून उतरताना मागे एक ‘टक्’ व्हायचं आणि मग सगळं शांत. गाडी म्हणजे १९९२ची माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, बटण दाबल्यावर दिवे झाकणासकट वर येतात ती. एवढ्या जुन्या गाडीत काही ना काही वाजायचंच, म्हणून पहिला महिना मी गाण्यांचा आवाज वाढवून काढला.

मग टक्‌ची खडखड झाली. एका गॅरेजमध्ये दाखवली, तर चाचणी न घेताच निदान मिळालं, “ताई, अँटिरोल बारची लिंक गेलीय.” वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीची ती छोटी लिंक बदलली, आवाज होता तिथेच. मग मी माझी अक्कल चालवली आणि शॉकअपच्या वरच्या माउंटवर संशय घेतला. डिक्की उघडून बाबांना आत हात ठेवून उभं केलं आणि गाडी मागून दाबत राहिले. बाबांच्या मते आवाज उजवीकडून येत होता, माझ्या मते डावीकडून. चालत्या गाडीत तर तो सरळ मधून, डिफरन्शिअलकडून, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याकडून आल्यासारखा वाटायचा.

बाबांची सगळी नोकरी लेथवर गेली. त्यांनी शेवटी एकच विचारलं, “मोजलंस का?”

काय मोजायचं? चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा घोळ घालते. मध्यापासून मोजलं की तो प्रश्नच राहत नाही. सपाट जागा, टाकी अर्धी, आत कोणी नाही. उजवीकडे ३४५ मिलिमीटर आलं आणि डावीकडे ३३१. दीड महिना दोघं कान लावून बसलो होतो आणि उत्तर दोन मिनिटांत टेपवर आलं.

चाक काढून टॉर्च मारला तरी पहिल्यांदा काही दिसलं नाही. स्प्रिंग जागेवर, शॉक कोरडा. मग स्प्रिंग जिच्यात बसते त्या खालच्या बशीतला चिखल स्क्रूड्रायव्हरने उकरला, तर त्याबरोबर स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्याचा तुकडा हलला. अर्ध्या वेढ्याहून थोडा कमी. बशीत पाणी आणि बारीक खडी साचते, स्प्रिंगवरचं रंगाचं कवच तिथेच घासून निघतं, गंजाचा एक खड्डा पडतो आणि प्रत्येक धक्क्याला तिथून चीर थोडी पुढे सरकते. तुटलेल्या तोंडावर हे स्पष्ट दिसत होतं: एका कडेला चॉकलेटी, जुना गंज आणि उरलेला भाग राखाडी, दाणेदार, चकाकणारा. म्हणजे निम्मी तार कधीचीच गेलेली होती, उरलेली एका झटक्यात तुटली. बाबांनी तो तुकडा खिशात टाकला तो अजून परत दिलेला नाही.

स्प्रिंगा दोन्ही मागवल्या. एकीकडे नवी आणि दुसरीकडे तीस वर्षं बसलेली ठेवली, तर गाडी तिरकी उभी राहणार, आणि दुसरीचा खालचा वेढाही त्याच चिखलात मुरलेला. बंप स्टॉपचा, म्हणजे मोठ्या धक्क्याला शॉक आपटू नये म्हणून असलेल्या मऊ ठोकळ्याचा, हातात घेताच भुगा झाला, तेही नवे घेतले.

कागदावर काम सोपं होतं. या गाडीला चारी चाकांना दुहेरी विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर धरलेलं असतं. लिंक सोडायची, शॉकचा खालचा बोल्ट काढायचा, डिक्कीतून वरचे दोन नट काढायचे, खालचा आर्म खाली दाबायचा की शॉक स्प्रिंगसकट बाहेर. उजवीकडच्या नटांपर्यंत हात नीट पोचावा म्हणून डिक्कीतली बॅटरीही काढून ठेवली. पुढच्या चाकांना ओट लावली, कारण मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेकचा काही उपयोग नाही. गाडी जॅकवर कधीच सोडली नाही, चारचौघांसारखी स्टँडवर बसवली.

आर्म पुरेसा खाली यावा म्हणून त्याच्या बाहेरच्या टोकाचा लांब बोल्ट काढायचा असतो, आणि तिथे मी अडकले. नट सहज निघाला. बोल्टला गोटी (सॉकेट) लावून पाइपने जोर दिला तर तो पाव फेरा फिरला. मला आनंद झाला. जोर काढला, तर बोल्ट पाइपसकट हळूच मागे आला. तो फिरतच नव्हता. गंजाने सांध्यातल्या रबरी बुशच्या आतल्या नळीला चिकटला होता आणि मी फक्त रबर पिळत होते. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी हातोडा. नंतर आणखी तेल, आणखी हातोडा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ग्राइंडर आणायला निघाले तेव्हा बाबा म्हणाले, “अगं, तुला बोल्ट बदलायचाय की स्प्रिंग?”

आर्मला वाट द्यायची तर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बाहेर झुकला तरी चालणार होतं, आणि तो वरच्या आर्मच्या बोल्टवरूनही सुटतो. तो बोल्ट मुकाट निघाला. हबला तारेने टांगून ठेवलं, नाहीतर त्याचं सगळं वजन ब्रेकच्या होजवर येतं. खालचा आर्म पायाने दाबला आणि शॉक बाहेर. दीड दिवसाचं भांडण पंधरा मिनिटांत मिटलं.

शॉकवरची स्प्रिंग सोडवायला ती आधी दाबून धरावी लागते; ती दाबणाऱ्या स्प्रिंग कंप्रेसरची मला भीती वाटते आणि ती वाटायलाच हवी. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडते. दोन्ही हूक समोरासमोर लावले, आळीपाळीने थोडे थोडे आवळले आणि तोंड कधीच स्प्रिंगच्या रेषेत आणलं नाही. इम्पॅक्ट गन वापरली नाही.

एक चूक मात्र झालीच. वरच्या माउंटचे दोन खिळे आणि शॉकचा खालचा डोळा (बोल्ट जातो ते भोक) यांचा कोन ठरलेला असतो. तो कळावा म्हणून मी उघडण्याआधी खडूने खूण केली होती, आणि नंतर मनापासून ब्रश मारून गंजाबरोबर खूणही पुसली. पहिला शॉक जोडून वर लावला तर खिळे भोकात जाईनात. पुन्हा कंप्रेसर, पुन्हा सगळं. उजव्या बाजूला रंगाने खूण केली.

शेवटचे बोल्ट मी चाकं लोंबकळत असताना आवळले नाहीत. रबरी बुश ज्या स्थितीत आवळले जातात तीच त्यांची विश्रांतीची जागा होते. लोंबत्या आर्मवर आवळले तर गाडी खाली उतरल्यावर कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. म्हणून हबखाली जॅक लावून टेपवर ३४५ येईपर्यंत वर घेतला, गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना यावर बाबांनी नजर ठेवली, आणि मग टॉर्क पाना फिरवला. दोन दिवस गाडी चालवून स्प्रिंगा बसू दिल्या. डावीकडे ३४९, उजवीकडे ३५०. त्यानंतरच अलाइनमेंट करून घेतलं. उंची बदलली की मागच्या चाकांचे कोनही बदलतात.

त्या दोन दिवसांतल्या पहिल्याच फेरीत गतिरोधक आला, मी श्वास धरला, आणि मागून ‘टक्’.

बाबांनी मला काही बोलू न देता डिक्की उघडली. बॅटरीचा पट्टा मी आवळायचा विसरले होते.