तपकिरी तांब्याची पारख: पाव आणे आणि शिवराया, फेरतपासणीची नोंद

मंडळी, पाऊस सरला, हवा कोरडी झाली आणि तांब्याचे अल्बम बाहेर काढले. कंपनी सरकारच्या १८३५ च्या पाव आण्यापासून १९०६ पर्यंतची माझ्याकडची सगळी नाणी आणि सोबत शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे पैसे, असं सगळं पहिल्यापासून तपासतोय. १९०६ ला थांबण्याचं कारण साधं आहे. त्या वर्षी पाव आण्याचं तांबं जाऊन ब्राँझ आलं आणि वजन ६.४७ ग्रॅमवरून ४.८६ वर उतरलं. ब्राँझवरचा रंग वेगळ्या तऱ्हेने चढतो, त्याची नोंद स्वतंत्र करीन.

पद्धत एकच धरली आहे: आधी पृष्ठभाग, मग छाप. चांदीच्या रुपयात झीज बघून निम्मा निकाल लागतो. तांब्यात तसं होत नाही, कारण पूर्ण छाप असलेलं नाणंही घासून मारलेलं असू शकतं. खोलीतले दिवे बंद करून एकच टेबललॅम्प बाजूला ठेवतो आणि नाणं बोटांच्या चिमटीत कडेवर धरून हळू फिरवतो. टाकसाळीतून आलेली मूळ झळाळी तपकिरी थराखालूनही पट्ट्यापट्ट्यांनी फिरताना दिसते. ती फिरली नाही आणि नाणं नुसतंच चमकलं, की मी दहापट भिंग उचलतो आणि मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे शोधतो.

या फेरीत सर्वांत उपयोगी पडला तो रंगाचा क्रम. न घासलेल्या, कमी वापरलेल्या नाण्यात मूळ लाल रंग शेवटपर्यंत टिकतो तो आडोशाला: अक्षरांच्या पोटात, पानांच्या चक्राच्या आत, कडेच्या आतल्या बाजूला. उंच भाग आधी तपकिरी होतात, कारण हात आणि हवा तिथे पहिल्यांदा लागतात. घासलेल्या नाण्यात हा क्रम उलटा होतो. उंचवटे गुलाबी-नारिंगी आणि खाचांत काळपट मळ. आपल्याकडे हे फार दिसतं आणि त्याला कारणही आहे. कलशात टाकायचा पैसा, देवघरातला पैसा, हे सणावाराला तांब्याच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासले गेले. अशा नाण्यावर पुढे पुन्हा तपकिरी थर बसतो, पण तो सपाट आणि निर्जीव दिसतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. खूप हाताळलेल्या नाण्याचे उंचवटेही खाचांपेक्षा उजळ असतात. ते मंद तपकिरी असतात, गुलाबी नसतात. या दोन्हींत गल्लत झाली तर चांगलं, प्रामाणिक नाणं हकनाक खालच्या ढिगात जातं.

झीज कुठे बघावी? १८३५ च्या पाव आण्यावर दोन सिंहांचे चेहरे आणि खालच्या फितीवरची बोधवाक्याची बारीक अक्षरं. व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर कानावरचे केस, गाल आणि पोशाखाची नक्षी. उंचवटा बोथट असूनही तिथे झळाळी अखंड असेल तर ती झीज नाही, छापच कमी दाबाने बसली आहे.

आता मोल. १८३५ चा पाव आणा चिक्कार पडला आहे, तेव्हा नुसत्या वयाचे पैसे कुणी देत नाही. किंमत चढते ती मूळ लाल किती उरलाय त्यावर. परदेशी ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवून देणाऱ्या कंपन्या, तांब्याला लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी असे तीन वर्ग देतात आणि वरच्या दर्जात वर्गागणिक भाव बराच बदलतो. तरी माझं मत विचाराल तर संशयास्पद लालपेक्षा एकसारखं, चॉकलेटी, न घासलेलं नाणं मी कधीही आधी घेईन. आणि ध्यानात असू द्या, १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात. ग्रेडिंगसाठी म्हणूनसुद्धा ती परस्पर परदेशी धाडता येत नाहीत.

शिवराईला हे माप लावूच नये. ती हाताने ठोकलेली, तिचा चकता, म्हणजे छापायचा तांब्याचा तुकडा, बहुधा ठशापेक्षा लहान. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ यांतलं किती चकत्यावर उतरलंय हे पहिलं, लेखनभेद दुसरा, वजन तिसरं. जुन्या भारी शिवराया ११ ते १३ ग्रॅम भरतात. ‘छत्र’ आणि ‘पति’मध्ये दोन आडव्या रेषा असलेल्या दुदांडी नंतरच्या आणि हलक्या. मातीत राहून आलेला काळा-हिरवा, घट्ट, गुळगुळीत थर असेल तर त्याला हात लावू नका. अक्षरं त्या थरातच जिवंत असतात, थर गेला की अक्षरांची धारही जाते.

भीती असते ती फिकट हिरव्या भुकटीची. घट्ट गडद हिरवा कळंक स्थिर असतो. काडीने सहज निघणारी आणि दमट हवेत पुन्हा उगवणारी भुकटी मात्र क्लोराइडची, ती तांबं आतून खात जाते. तशा दोन शिवराया वेगळ्या काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवल्या आहेत, पाणी बदलत राहतो. पूर्ण सुकवून सिलिका जेलबरोबर डबीत घालीन, आणि भुकटी परत आली नाही तरच अल्बममध्ये जागा मिळेल. मऊ पीव्हीसीचे जुने खिसे तर सगळेच काढून टाकले. त्यांचा चिकट हिरवा थर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवला की सुटतो, चोळावं लागत नाही.

नव्यांसाठी एक: राम दरबार किंवा हनुमान, ‘१८१८’ आणि कंपनीचं नाव असलेली नाणी कितीही काळवंडलेली असोत, कंपनीने ती कधी पाडलेलीच नाहीत. तांबं काळं करायला वेळ लागत नाही, त्यामुळे रंगावरून वय ठरवू नका.

पुढच्या फेरीत मुंबई इलाख्याचे तराजूचे (तराजूचं चित्र असलेले) पैसे आणि १८०८ चे मद्रासचे दहा कॅश (कॅश हे तिकडचं लहान चलन). ‘ॲडमिरल गार्डनर’ जहाज १८०९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सवर बुडालं, त्यातली ही कॅशची नाणी. काहींची छाप सुरेख राहिली, काहींचा पृष्ठभाग खाऱ्या पाण्याने खाल्ला. म्हणजे छाप आणि पृष्ठभाग वेगवेगळे तोलायला याहून चांगला संच मिळणार नाही. कुणाकडे असतील तर बाजूच्या प्रकाशात काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो आणि दोन दशांशांपर्यंतचं वजन पाठवा.