नवतप्यातलं चिखलदरा

नागपूर, २५ मे

आजपासून नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापाचे नऊ दिवस. कूलरच्या ताट्या दुपारी भिजवाव्या तर तासाभरात कोरड्या, आणि शेजारीपाजारी एकच घोष: चला चिखलदऱ्याला. अमरावती जिल्ह्यातलं थंड हवेचं ठिकाण, जावं की. फक्त डोक्यात महाबळेश्वर ठेवून जाऊ नये.

हिशेब सोपा आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, चिखलदरा ११०० च्या आसपास. हजार मीटर चढलं की पारा सरासरी साडेसहा अंश उतरतो. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी हा आकडा दहाच्या जवळ जातो. म्हणजे इथे ४५, तर तिथे ३७-३८. दुपारी दोनला पॉइंटवर उभं राहिलं तर ऊन लागणारच, दुपट्टा बांधूनच फिरायचं. खरी कमाई रात्रीची. नागपुरात दिवसभर तापलेलं सिमेंट पहाटेपर्यंत धग सोडतं, तिथे अंगावर चादर लागते.

गाव गाविलगड डोंगरांच्या दक्षिण काठावर. खाली थेट वऱ्हाडचं मैदान. याचा गुण हिवाळ्यात कळतो. शांत, निरभ्र रात्री थंड हवा पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि खोलगटात साचते. म्हणून खाली दरीत, सिपना नदीकाठचं सेमाडोह गाव पहाटे वरच्या गावापेक्षाही जास्त गारठू शकतं. मध्य प्रदेशातल्या पचमढीची उंची जवळपास एवढीच, १०६७ मीटर, पण ते गावच बशीत बसलंय. थंडी तिथे मुक्कामाला असते. कॉफीला बर्फाळ दहिवर सोसत नाही, आणि चिखलदऱ्याच्या उतारांवर ती पिकते, यातच काय ते आलं.

जुलै-ऑगस्टमध्ये गाव ढगातच असतं. धबधब्यांचा आवाज येतो, दिसत काही नाही; कपडे तर वाळतच नाहीत. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम.

आत्ताच जायचं तर पहाटे पाचला निघावं. अमरावतीमार्गे सव्वादोनशे किलोमीटर. गाडीची इंधनाची टाकी आणि प्यायचं पाणी परतवाड्यातच भरून घ्यावं, उन्हाळ्यात वर पाण्याची ओढाताण असते. घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला की एसी बंद. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये यायचं. नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली की पॅडचा जळका वास येतो, मग पाय दाबूनही गाडी नीट थांबत नाही. वास आलाच तर वळण टाळून रुंद जागी अर्धा तास थांबावं. तापलेल्या चाकावर पाणी मात्र ओतू नये, डिस्क वाकते.