मोठ्या बाई शिशुवर्गात बसतात तेव्हा

बालशिक्षणाचा कोर्स करून मी एका मराठी शाळेच्या शिशुवर्गावर लागले. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सुरुवातीलाच सांगून ठेवलं, "मी वर्गात येऊन बसेन. तपासणी समजू नका." त्या खरोखर सतरंजीवर मुलांमध्ये बसायच्या. मुलं घरी गेली की वही उघडून विचारायच्या, तो मुलगा मणी रंगाप्रमाणे वेगळे करत होता की आकाराप्रमाणे? कधीच न बोलणारी ती मुलगी गाण्याच्या वेळी ओठ हलवत होती, पाहिलंत का? मग मीही रोज थोड्या मुलांच्या नोंदी ठेवू लागले. शनिवारी आम्ही सगळ्या ताई त्या नोंदी घेऊन बसतो. हा तास बाईंनी वेळापत्रकातच घातलाय. त्या वेळात फलक सजवा, तक्ते भरा असलं काम कुणी सांगायचं नाही.

पालकसभेत ठरलेला प्रश्न यायचा, "चार वर्षांचा झाला, वही कोरी कशी?" बाई स्वतः उत्तर द्यायला उभ्या राहायच्या. मणी ओवताना, कणीक मळताना बोटं लिहिण्यासाठी तयार होतात, हे त्या पालकांना वर्गात आणून दाखवायच्या. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी केलेलं बालशिक्षणाचं काम सांगायच्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत स्तर मानलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे, हेही सांगायच्या. बाई अशा पाठीशी नसत्या, तर मीही मुलांना पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं असतं.

सगळ्यात अवघड गेलं ते पगाराचं. शिशुवर्ग विनाअनुदानित, पगार फीमधून. ताई प्रशिक्षणाला गेली की त्या दिवसाचे पैसे कापले जायचे. शिकण्याचा भुर्दंड आपणच भरायचा, तर जाणार कोण? बाईंनी संस्थेकडे लेखी मागणी केली, नकार आला तरी पुन्हा केली, आणि शेवटी ते दिवस कामाचे धरले जाऊ लागले. माझ्या मते मुख्याध्यापकाने करायचं सगळ्यात मोठं काम हेच.

प्रशिक्षणाहून आलं की बाई एकच विचारतात, "यातलं काय करून बघणार?" आणि पंधरवड्याने ते बघायला वर्गात येतात. यंदा नव्या ताईच्या वर्गात बसायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलंय. तेवढा वेळ माझी मुलं त्या सांभाळतात.