कंबरलँड ते पिट्सबर्ग: मोटारींशिवाय 240 किलोमीटर

रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष कायम पाठीमागे असतं. मागची गाडी किती जवळ आली, कडेला सरकायला जागा आहे का, पुढच्या वळणावर काय असेल. लहान मूल बरोबर असलं की ही धास्ती दुप्पट होते. त्यामुळे घरात लांबच्या सायकल सहलीचा विषय निघाला की मी कायम नकार द्यायचे. ग्रेट ॲलेघेनी पॅसेज करून आल्यापासून देत नाही.

मेरीलँडमधल्या कंबरलँडहून निघून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला पोचणारी ही वाट 150 मैलांची, म्हणजे सुमारे 240 किलोमीटरची आहे. ॲपलाचियन डोंगररांग ती आडवी पार करते, बराचसा भाग जंगलातून आणि नदीकाठाने जातो, आणि तिच्यावर मोटारींना बंदी आहे. चुनखडीची बारीक कच दाबून बसवलेली असल्यामुळे पृष्ठभाग घट्ट आणि सपाट आहे. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो होतो: मी, नवरा, नणंद आणि तिचा शाळकरी मुलगा. फ्रॉस्टबर्गच्या अलीकडे भाच्याने विचारलं, "मामी, इथे गाडी येतच नाही का?" त्यानंतर तो वाटेच्या मधोमध चालवत राहिला आणि त्याला कडेला घे म्हणून कोणी ओरडलं नाही. समोरून सायकलवाले आणि चालणारे येतात, तेवढ्यापुरतं उजवीकडे व्हायचं.

मुळात ही रेल्वेची जागा आहे. कंबरलँड ते कॉनल्सव्हिल हा वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा 1912 मध्ये पूर्ण झालेला फाटा. 1975 मध्ये तो बंद पडला. 1986 मध्ये ओहायोपाइलजवळ नऊ मैलांचा पहिला तुकडा सायकलींसाठी खुला झाला आणि पिट्सबर्गच्या हद्दीतला शेवटचा तुकडा जोडायला 2013 उजाडलं. मधली सत्तावीस वर्षं स्थानिक संस्था आणि स्वयंसेवक एकेक पूल, एकेक बोगदा मार्गी लावत होते. ही चिकाटी मला या वाटेच्या निसर्गाइतकीच मोठी वाटते.

रेल्वेमुळेच इथला चढ अंगावर येत नाही. खंडाळ्याच्या बोरघाटात आगगाडी 37 ला 1 अशा चढाने वर येते, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. इथला सगळ्यात अवघड चढ पावणेदोन टक्क्यांच्या घरात आहे. कंबरलँडहून निघालं की साधारण 38 किलोमीटरमध्ये 535 मीटर उंची गाठायची आणि तिथून पुढचे दोनशे किलोमीटर हळूहळू उतरत जायचं. उलट दिशेने, म्हणजे पिट्सबर्गहून निघालं, तर चढ जाणवणार नाही इतका मंद पण दिवसचे दिवस चालतो, आणि शेवटी कंबरलँडकडे मोठा उतार मिळतो. पाय ताजे असताना चढ उरकावा या मताची मी आहे. मैलाचे दगडही कंबरलँडला शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे नकाशा वाचणं सोपं जातं.

पहिला टप्पा दमवतो, पण घाबरवत नाही. कंबरलँड ते फ्रॉस्टबर्ग वाटेशेजारी पर्यटकांच्या रेल्वेचा रूळ आहे आणि ब्रश टनेल या बोगद्यातून दोघांनाही जायचं असतं. गाडीचा आवाज येत असेल तर बाहेर थांबा, ती जाऊ द्या. ज्यांना चढ नकोच, त्यांना हंगामात या गाडीत सायकल चढवून फ्रॉस्टबर्गपर्यंत जाता येतं. निघण्याआधी त्या दिवशीचं वेळापत्रक मात्र बघा. फ्रॉस्टबर्ग गाव वाटेच्या बरंच वर आहे आणि तिथवर नागमोडी पायवाट जाते. तरीही वर जाऊन पोटभर खा आणि बाटल्या भरून घ्या. कारण पुढे मायर्सडेलपर्यंत, 26 किलोमीटर, दुकान नाही.

या 26 किलोमीटरमध्येच वाटेचा सगळ्यात देखणा भाग येतो. विसाव्या मैलानंतर मेसन-डिक्सन रेषा, म्हणजे दोन राज्यांची जुनी सीमा, ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरायचं, आणि थोडं पुढे बिग सॅव्हेज बोगद्याच्या तोंडाशी दरीकडे तोंड करून थांबायचं. समोर मेरीलँडच्या डोंगररांगा एकीमागे एक. आम्ही गेलो तेव्हा मेपल लाल झाले होते, ओक अजून हिरवट-पिवळे होते. बोगदा 1,004 मीटर लांब आहे. आत दिवे आहेत, पण गारठा उन्हाळ्यातही असतो, म्हणून जॅकेट हाताशी ठेवा आणि सायकलला स्वतःचा दिवा हवाच. भाच्याने आत शिरल्यावर जी आरोळी ठोकली ती दुसऱ्या टोकाला त्याच्या आधी पोचली असावी.

हिवाळ्यात जायचं ठरवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत या बोगद्याची दारं बंद असतात. आत झिरपणारं पाणी गोठलं की अस्तराला तडे जातात, म्हणून थंड हवा आत येऊ देत नाहीत. सोपा पर्यायी रस्ता नाही, डोंगरावरून मोटारींच्या रस्त्यानेच वळसा घ्यावा लागतो. मग या वाटेवर येण्याचा हेतूच संपला.

बोगद्यानंतर थोड्याच अंतरावर 729 मीटरवर पूर्वेकडचा जलविभाजक आहे. एका बाजूला पडलेला पाऊस चेसापीक उपसागरातून अटलांटिकला मिळतो, दुसऱ्या बाजूचा ओहायो आणि मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताला. तिथल्या छोट्या भुयारी मार्गाच्या भिंतींवर चित्रं काढलेली आहेत आणि उंचीचा आलेखही आहे. तो बघितला की पुढचा उतार किती लांब आहे ते कळतं आणि नणंदेसारख्या दमलेल्या माणसालाही हुरूप येतो.

मायर्सडेलला मुक्काम करावा. मेपलच्या पाकासाठी हे गाव ओळखलं जातं आणि जुन्या स्टेशनात आता माहिती केंद्र आहे. गावातून पुढे निघालात की सॅलिसबरी व्हायाडक्ट लागतो. 580 मीटरचा हा पूल कॅसलमन नदीच्या खोऱ्यावर तीसेक मीटर उंचीवरून जातो. खाली शेतं, हमरस्ता, चालू रेल्वेचे रूळ, आणि डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या. वारा जोराचा असेल तर उतरून चालत जा.

रॉकवूड ते कॉन्फ्लुएन्स 29 किलोमीटर पुन्हा दुकान नाही, नदी आणि झाडीच. ही झाडी पाहून आपण आदिम अरण्यातून चाललोय असं वाटतं, पण लाकूडतोडीत इथले डोंगर जवळपास बोडके झाले होते. आजचं जंगल त्यानंतर उगवलेलं आहे. कॉन्फ्लुएन्सला कॅसलमन, लॉरेल हिल क्रीक आणि यॉकागेनी एकत्र येतात. इथून मॅककीस्पोर्टपर्यंत यॉकागेनी सोबत करते. स्थानिक लोक तिला नुसतं यॉक म्हणतात. 1754 मध्ये तरुण जॉर्ज वॉशिंग्टन या नदीतून पश्चिमेकडे जाण्याचा जलमार्ग मिळेल म्हणून आला होता. ओहायोपाइलच्या धबधब्याने त्याचा बेत संपवला.

ओहायोपाइलला घाई करू नका. धबधबा वाटेला लागूनच आहे आणि गावाजवळचे दोन उंच पूल नदीच्या वळणावरून जातात. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने आखलेलं फॉलिंगवॉटर हे घर इथून सहा-सात किलोमीटरवर आहे, 2019 पासून जागतिक वारशात. ते पाहायचं तर आगाऊ तिकीट काढा आणि गाडीची सोय बघा. तिकडचा रस्ता चढाचा, अरुंद आणि मोटारींचा आहे, मुलांना घेऊन सायकलने मी जाणार नाही. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी गावात खोली मिळणं कठीण असतं. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी इथे पोचा.

ओहायोपाइल ते कॉनल्सव्हिलचे 27 किलोमीटर दरीतून जातात. फोनला सिग्नल मिळेल या भरवशावर राहू नका. नकाशा आधीच उतरवून घ्या, पंक्चरचं सामान प्रत्येकाकडे असू द्या, आणि एकत्र राहा. आमच्या चेनवर आदल्या दिवशीच्या पावसाने कचेचा पांढरा राप बसला होता. नवऱ्याने ओढ्याकाठी ती पुसून तेल घातलं, तेव्हा कुठे करकर थांबली. जुना रुमाल आणि तेलाची लहान बाटली विसरू नका.

कॉनल्सव्हिलच्या पुढे देखावा बदलतो. इथला कोळसा भाजून कोक, म्हणजे पोलादाच्या भट्टीचं इंधन, करायचे, तो पिट्सबर्गच्या भट्ट्यांत जायचा, आणि उद्योगपती हेन्री क्ले फ्रिकची संपत्ती या कोकवर उभी राहिली. व्हॅन मीटरजवळ डार खाणीची जागा आहे. 19 डिसेंबर 1907 च्या स्फोटात तिथे 239 पुरुष आणि मुलगे गेले, त्यात पुष्कळ जण युरोपातून पोटासाठी आलेले होते. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. परदेशात येऊन राबणाऱ्यांची ही गोष्ट आपल्यासारख्यांना परकी वाटत नाही. पुढे बंद खाणींतून झिरपणारं लोहयुक्त पाणी खडकांवर भगवा-तांबडा थर सोडत वाटेशेजारून उतरताना दिसतं. त्याला हात लावू नका, बाटलीत तर मुळीच भरू नका.

मॅककीस्पोर्टपासून पिट्सबर्गपर्यंत बहुतेक डांबरी वाट आहे, कारखाने आणि रुळांच्या मधून. काही जणांना हा भाग रुक्ष वाटतो, मला नाही. होमस्टेडला जुन्या पोलाद कारखान्याचं पंपघर वाटेवरच आहे. 6 जुलै 1892 ला संपावरचे कामगार आणि पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीचे भाडोत्री रक्षक यांची चकमक इथे झाली. ज्या कोकच्या खोऱ्यातून आपण आलो, तो जायचा कुठे हे इथे आल्यावर समजतं. हॉट मेटल ब्रिजवरून मोनोंगाहेला ओलांडली की शहर सुरू.

सायकल कुठली हवी? 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली कुठलीही धड सायकल चालेल. महागडी ग्रॅव्हल बाईक लागतेच असं नाही, नणंदेची साधी हायब्रिड होती. सस्पेन्शनची गरज नाही. चार दिवस हातात असतील तर मायर्सडेल, ओहायोपाइल आणि वेस्ट न्यूटन असे मुक्काम सोयीचे पडतात, रोज 50 ते 70 किलोमीटर होतात. शाकाहारी असाल तर लहान गावांत पिझ्झा, चीज सँडविच आणि बटाटे यापलीकडे फारसं मिळत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू घेऊन जा. आमच्या दशम्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपल्या, जास्त कराव्यात.

गवतात बसलात तर संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड शोधा, कारण या भागात गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम आजार आहे. तीन-तीन पानांच्या झुडपाला, पॉयझन आयव्हीला, मुलं हात लावतील तर अंगावर पुरळ उठतं. वाट शिकारीला मुभा असलेल्या जंगलांतूनही जाते, तेव्हा शरद ऋतूत भडक केशरी जाकीट घाला.

परतीचा विचार निघण्याआधी करा. ॲमट्रॅकची, म्हणजे अमेरिकेच्या प्रवासी रेल्वेची, एकच गाडी पिट्सबर्ग, कॉनल्सव्हिल आणि कंबरलँड जोडते. पूर्वेकडे ती पिट्सबर्गहून भल्या पहाटे सुटते, त्यामुळे शेवटची रात्र स्टेशनजवळ काढा. सायकलसाठी वेगळं आरक्षण लागतं आणि जागा थोड्या असतात. माणसांची तिकिटं मिळाली पण सायकलींची नाही, असं चौघांच्या बाबतीत सहज होतं. तसं झालं तर एकेरी भाड्याची व्हॅन किंवा सायकली वाहून नेणारी शटल घ्यावी लागेल, आणि त्याही हंगामात लवकर भरतात. गाडीत सायकलींना जागा आहे का ते आधी बघा, त्यावरून तारखा ठरवा आणि मगच हॉटेलांचं आरक्षण करा.